ग्लोरॅन्थातील जादू, आत्मे आणि दैवी राज्यकर्ते

ग्लोरॅन्था हे अमेरिकन लेखक व खेळ-रचनाकार ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) यांनी निर्माण केलेले काल्पनिक विश्व आहे. 'रूनक्वेस्ट' (१९७८) या रोलप्लेइंग गेममुळे ते प्रसिद्धीस आले. रोलप्लेइंग गेम म्हणजे प्रत्येक खेळाडूने एका पात्राची भूमिका घेऊन सामूहिकपणे कथा पुढे नेण्याचा खेळ. या प्रकारच्या बहुतेक खेळांत जादू ही मोजक्या विद्यावंतांची मिरास असते व देव पार्श्वभूमीला राहतात. ग्लोरॅन्थात मात्र शेतकऱ्यापासून राजापर्यंत प्रत्येकाला थोडीफार जादू येते आणि ती त्याला देवाशी, पितरांशी किंवा गावाच्या रक्षक आत्म्याशी असलेल्या नात्यातून मिळते. या विश्वातील देव सामर्थ्यवान असले तरी स्वतंत्र नाहीत. त्यांनी स्वतःच केलेल्या एका कराराने ते बांधलेले आहेत. म्हणूनच मानवी देहात, चालू काळात राज्य करणारा देव हा येथे केवळ भक्तीचा विषय न राहता विश्वाच्या नियमांविषयीचा वाद बनतो.

निर्मिती

स्टॅफर्ड यांनी १९६६ साली विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट कॉलेजात शिकत असताना ग्लोरॅन्थाविषयीचे पहिले लेखन केले. त्या वेळी रोलप्लेइंग गेम हा प्रकार अस्तित्वातच नव्हता. पुराणकथांचा नाद असलेल्या एका तरुणाने स्वतःसाठी रचलेली ती पुराणे होती. पुढे १९७५ मध्ये त्यांनी 'केऑसियम' ही प्रकाशनसंस्था स्थापून 'व्हाइट बेअर अँड रेड मून' हा पटावरील युद्धखेळ प्रसिद्ध केला. १९७७ मधील 'नोमॅड गॉड्स' या दुसऱ्या पटखेळात प्रॅक्स या उजाड प्रदेशातील भटक्या टोळ्या आणि त्यांचे आत्मे यांचा संघर्ष होता. स्टीव्ह पेरिन, रे टर्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेला 'रूनक्वेस्ट' त्यानंतरच्या वर्षी आला.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. येथे खेळासाठी पुराणे रचली गेली नाहीत, तर आधी रचलेल्या पुराणांना खेळाचे नियम जोडले गेले. 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' (१९७९) या पुस्तकात प्रत्येक देवाची कथा, त्याच्या उपासकांचा समाज, दीक्षेच्या अटी, निषिद्धे आणि मंत्र एकत्र मांडलेले आहेत. खेळाच्या पुस्तकात उपासनापंथांना इतके केंद्रस्थान तोवर क्वचितच मिळाले होते. स्टॅफर्ड यांनी पुढे शामन परंपरांचा अभ्यास व आचरणही केले. ग्लोरॅन्थातील आत्मविषयक कल्पना वरवरच्या वाटत नाहीत, याचे श्रेय काही अंशी या आस्थेला द्यावे लागते.

देवकाळ आणि महातडजोड

ग्लोरॅन्था हे गोलाकार ग्रहावर वसलेले नाही. तेथील पृथ्वी एका अथांग सागरावर तरंगणारा प्रचंड घन आहे. तिच्यावर आकाशाचा घुमट असून खाली पाताळ आहे. तेथे सृष्टीचे नियम भौतिकशास्त्रातून येत नाहीत, ते कथांतून येतात. खाणीतून निघणारे कांसे हे पुराणयुद्धांत मेलेल्या वायुदेवांची हाडे असल्याचे तेथील लोक मानतात आणि त्या विश्वात ते खरेही आहे.

जग आजच्या रूपास येण्यापूर्वीच्या अवस्थेला 'देवकाळ' म्हणतात. त्यात आधी-नंतर असा क्रम काटेकोर नव्हता. सूर्यदेव येल्म हा सम्राट होता. वादळदेव ओर्लॅन्थ याने नव्याने सापडलेल्या मृत्यूचे शस्त्र वापरून त्याला ठार केले. सूर्य पाताळात गेला, अंधार पसरला आणि त्या फटीतून सृष्टीबाहेरचे विध्वंसक तत्त्व, म्हणजे 'केऑस', आत शिरले. जगाच्या मध्यभागी असलेला 'स्पाइक' नावाचा पर्वत फुटून नष्ट झाला. तेव्हा ओर्लॅन्थ काही सोबत्यांसह पश्चिमेकडून पाताळात उतरला, त्याने आपला अपराध मान्य केला आणि मारलेल्या शत्रूशी समेट केला. या प्रवासाला 'लाइटब्रिंगर्स क्वेस्ट', म्हणजे प्रकाश आणणाऱ्यांची यात्रा, असे नाव आहे. पाताळात जमलेल्या देवांनी आपली उरलीसुरली शक्ती एकत्र केली. अराख्ने सोलारा या कोळीरूप देवतेने केऑसच्या देवाला जाळ्यात पकडून गिळले आणि तिच्या पोटी 'काळ' जन्मला. त्यानंतर पहिली पहाट झाली.

या प्रसंगी झालेला करार म्हणजे 'महातडजोड'. देवांनी अस्तित्व टिकवले, पण त्यासाठी स्वेच्छा गमावली. देवकाळात त्यांनी जे केले तेच ते अनंतकाळ करीत राहतील आणि चालू काळात नवे काही करणार नाहीत, अशी ही अट आहे. येल्म रोज सकाळी उगवतो आणि रोज संध्याकाळी मरून पाताळात जातो, यात बदल करणे त्याच्याही हाती नाही. नवा निर्णय घेण्याची, चुकण्याची आणि चूक सुधारण्याची मोकळीक फक्त मर्त्यांकडे उरली. जादूचे जवळजवळ सगळे प्रकार या एका अटीतून निघतात.

तेथील वर्ष २९४ दिवसांचे असून त्यात प्रत्येकी आठ आठवड्यांचे पाच ऋतू येतात. उरलेल्या दोन आठवड्यांना 'पवित्रकाळ' म्हणतात. त्या दिवसांत लोक आपापल्या देवांच्या कथा विधिरूपाने पुन्हा जगतात. हे विधी झाले नाहीत तर पुढचे वर्ष नीट उभे राहणार नाही, अशी त्यांची धारणा असते.

जादूचे मार्ग

'रून' ही विश्वाच्या मूलतत्त्वांची चिन्हे आहेत. अंधार, जल, पृथ्वी, अग्नी, वायू व चंद्र ही महाभूते, तर सत्य व आभास, जीवन व मृत्यू, स्थैर्य व गती, सुसंवाद व विस्कळीतपणा या परस्परविरोधी शक्ती होत. प्रत्येक देव काही रून धारण करतो व उपासकाची जादू त्याच रूनमधून वाहते.

रून-जादू ही देवाची देणगी आहे, पण ती फुकट मिळत नाही. दीक्षा घेणारा आपल्या आत्मबलाचा काही भाग देवाला कायमचा अर्पण करतो. खेळाच्या नियमांत या आत्मबलाला 'पॉवर' असे नाव असून ते अंकांत मोजले जाते. मोबदल्यात त्याला देवकाळातील एखादे कृत्य क्षणभर चालू काळात आणता येते. ओर्लॅन्थचा दीक्षित वीज पाडतो तेव्हा ओर्लॅन्थने नवी वीज पाडलेली नसते. देवकाळात एकदाच पडलेली ती वीज या क्षणी पुन्हा पडते. देव स्वतः हलत नाही. मर्त्य माणूस त्याच्या कृतीला वाट करून देतो. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सामान्य दीक्षिताला असा मंत्र एकदाच वापरता येई आणि तो पुनःपुन्हा मिळवण्याचा अधिकार पुरोहितांना होता. २०१८ च्या आवृत्तीत दीक्षितांनाही सणावाराच्या उपासनेतून ही शक्ती परत मिळते. नियमातील हा बदल छोटा दिसला तरी त्यामुळे पंचांग व यात्रा यांना खेळात खरे महत्त्व आले.

अखेरचा उपाय म्हणजे थेट देवाचा धावा. दीक्षिताने शतांकी फासा टाकायचा. आकडा त्याच्या आत्मबलाइतका वा त्याहून कमी पडला तर देव मदत करतो, पण जितका आकडा पडला तितके आत्मबल कायमचे जाते. सगळेच गेले, तर मदत मिळते आणि मागणारा देवाकडे जातो.

देवाशी नाते जोडणे म्हणजे निर्बंध पत्करणे. आरोग्यदेवता चलाना अरॉय हिचे वैद्य कोणत्याही सजीवाला इजा न करण्याची शपथ घेतात. मृताचा आत्मा फार दूर जाण्यापूर्वी, सात दिवसांच्या आत, त्याला परत बोलावण्याचा मंत्र त्यांच्यापाशी असतो. याउलट मृत्यू व सत्य यांचा देव हुमाक्त याच्या तलवारबहाद्दरांना असे परत आणता येत नाही, कारण मृत्यूला चकवणे हाच त्यांच्या देवाचा अपमान ठरतो.

चेटूकविद्या हा मार्ग पश्चिमेकडील मॅलकिऑनी लोकांचा. ते एका निराकार, अदृश्य देवाला मानतात. तो मागणी करीत नाही आणि देणगीही देत नाही, त्यामुळे जादू ही अभ्यासाने हस्तगत करायची नियमबद्ध विद्या ठरते. त्यांच्यातील ब्रिथिनी लोक वर्णनियम तंतोतंत पाळतात, तोवर म्हातारे होत नाहीत. नियम मोडला की वय अंगावर येते. अमरत्वासाठी त्यांनी बदलाचा हक्कच सोडून दिला आहे. देवांना नाकारणाऱ्या या लोकांची अवस्था महातडजोडीने बांधलेल्या देवांसारखीच झाली आहे, हा विरोधाभास मूळ रचनेतच ठेवलेला दिसतो. चेटूकविद्येचे सविस्तर नियम १९८४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले.

आत्मे

देव दूर आहेत, आत्मे मात्र शेजारी राहतात. झरे, वृक्ष, वारे, रोग, पितर, प्राणी अशा सर्वांचे आत्मे असतात आणि ते महातडजोडीने देवांइतके जखडलेले नसतात. त्यांच्याशी बोलता येते, सौदा करता येतो, भांडताही येते. सामान्य माणसाची दैनंदिन जादू या आत्म्यांकडून येते: जखम भरणे, पात्याला धार आणणे, अंगात बळ आणणे. पहिल्या आवृत्तीत तिला 'बॅटल मॅजिक' म्हणत. पुढे 'स्पिरिट मॅजिक' हे नाव रूढ झाले.

या जगाचा तज्ज्ञ म्हणजे शामन. आपल्याकडील देवऋषीशी त्याचे थोडेफार साम्य आहे. तो आपल्या आत्म्याचा एक भाग जागवून त्याला सहचर बनवतो, देह सोडून आत्मलोकात संचार करतो आणि रोग्यासाठी रोगाच्या आत्म्याशी झुंजतो. ही झुंज शस्त्रांनी होत नाही. दोघांची आत्मबले एकमेकांवर आदळतात आणि हरणाऱ्याच्या देहाचा ताबा जिंकणाऱ्याकडे जाऊ शकतो. रोगांची माता मॅलिया हिची उपासना बहुतेक समाजांत निषिद्ध आहे. तरीही साथ टळावी म्हणून तिला काही अर्पण करणारे लोक असतातच. भयापोटी केलेल्या पूजेचे हे चित्रण मॅलियाला निव्वळ खलदेवता होऊ देत नाही.

पितरांच्या आत्म्यांचा अधिपती दाका फाल. तो मरण पावलेला पहिला मानव मानला जातो, मृतांचा न्याय करतो आणि सजीव व मृत यांच्यातील सीमा राखतो. प्रॅक्समधील टोळ्यांत त्याचा पंथ महत्त्वाचा आहे. तेथे देवळे उभारण्याइतके स्थैर्य नाही, पण पूर्वज सोबत फिरतात.

याहून वेगळा असा 'वायटर' हा समूहाचा आत्मा असतो. भावकी, गाव, नगर, सैन्यदल अशा प्रत्येक खऱ्याखुऱ्या समुदायाला तो असतो. त्याचे बळ सदस्यांची संख्या, निष्ठा आणि अर्पण यांवर अवलंबून असल्याने समुदाय फुटला की तो दुबळा होतो. वायटर मेला, तर माणसे जिवंत राहूनही समुदाय उरत नाही. त्यामुळे भावकीतील भांडण ही ग्लोरॅन्थात केवळ सामाजिक घटना राहत नाही. ती जादूची हानीही असते.

पंथ सोडून विश्वासघात करणाऱ्यामागे 'प्रतिशोधाचे आत्मे' लागतात. ते देवाच्या वतीने शिक्षा करतात, पण देवाने त्या वेळी विचार करून पाठवलेले नसतात. कराराचा भंग झाला की ते आपोआप येतात. साक्षात्कारी अवस्था प्राप्त झालेल्यांना मात्र ते स्पर्श करू शकत नाहीत. अशा माणसाला बंधनांतून मुक्त झालेला ज्ञानी म्हणावे की शिक्षेची भीती उरली नाही असा धोकादायक इसम, याविषयी तेथील पंथांत एकमत नाही.

गॉड लर्नर्सचा प्रयोग

देवकाळात विधिपूर्वक शिरून एखादी कथा प्रत्यक्ष जगणे याला 'हीरोक्वेस्ट' म्हणतात. यशस्वी यात्रिक वरदान घेऊन परततो. चुकलेला परततच नाही, किंवा आपल्या लोकांचे नुकसान घेऊन येतो. इतिहासाच्या दुसऱ्या युगात 'गॉड लर्नर्स' या नावाने ओळखल्या गेलेल्या विद्वानांनी सर्व पुराणांची तुलना करून त्यांमागे एकच सांगाडा शोधला. एका देशाचा वादळदेव व दुसऱ्या देशाचा वादळदेव एकच, असे ठरवून त्यांनी इतरांच्या कथांत घुसखोरी केली आणि शक्ती काढून घेतल्या. सिद्धान्त तपासण्यासाठी त्यांनी दोन प्रदेशांच्या धान्यदेवतांची अदलाबदल केली. त्यांच्या मते दोघी सारख्याच होत्या. पिके बुडाली आणि दुष्काळ पडला. पुढे समुद्र मानवी जहाजांना बंद झाले आणि गॉड लर्नर्सची सत्ता लयास गेली.

विसाव्या शतकात जोसेफ कॅम्बेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी जगभरच्या पुराणांतून एकच वीरकथा शोधली. स्टॅफर्ड त्या विचाराने प्रभावित होते, तरीही त्यांनी आपल्या विश्वात त्याच पद्धतीला शोकांतिका बनवले. तौलनिक पुराणविद्येवरील ही टीका तिचीच गोडी लागलेल्या माणसाने केलेली आहे.

दैवी राज्यकर्ते

तिसऱ्या युगाचा मुख्य संघर्ष तांबड्या देवीभोवती फिरतो. त्या विश्वाच्या कालगणनेनुसार १२२० साली 'सात माता' म्हणून ओळखल्या गेलेल्या सात जणांनी टोरांग नगरात एक निषिद्ध विधी केला आणि देवकाळात मेलेल्या चंद्रदेवतेला एका मुलीच्या रूपात पुन्हा जिवंत केले. या 'सात मातां'त पुरुषही होते. ही देवी, सेडेन्या, माणसांत वावरली, युद्धे लढली आणि १२४७ साली जमिनीचा प्रचंड तुकडा घेऊन आकाशात चढली. तोच तांबडा चंद्र. तो आकाशात एकाच जागी टांगलेला असून सात दिवसांत त्याच्या कला बदलतात. चांद्र पंथीयांची जादू या कलांसोबत वाढते व घटते. साम्राज्याने बांधलेल्या विशिष्ट मंदिरांच्या प्रभावक्षेत्रात मात्र हा चढउतार जाणवत नाही, म्हणून साम्राज्याच्या विस्तारात सैन्याच्या पाठोपाठ मंदिर येते.

वाद येथेच सुरू होतो. देवांनी काळात नवे काही करायचे नाही, हा करार. आणि सेडेन्या तर काळातच जन्मली व देवी झाली. तिचे अनुयायी म्हणतात की ती करार मोडत नाही, तर त्याच्या पलीकडे नेते. देव व मर्त्य, सृष्टी व केऑस यांतील भेद तिच्यात विरून जातात. साम्राज्यात भिन्न पंथ, वंश आणि केऑसस्पर्श झालेले जीवही सामावले जातात, ही त्यांच्या बाजूची भक्कम गोष्ट. ओर्लॅन्थचे उपासक उत्तर देतात की ज्या फटीतून एकदा जग बुडाले, तीच फट ही देवी पुन्हा उघडते आहे. त्यांच्यापाशी पुरावाही आहे. देवीने पाताळातून आणलेला 'क्रिमसन बॅट' हा महाकाय वटवाघूळ-दैत्य जिवंत माणसांवर पोसला जातो आणि त्याने खाल्लेल्यांचा आत्माही उरत नाही. मुक्तीचा उपदेश करणारे साम्राज्य या दैत्यासाठी नियमाने माणसे पुरवते. ग्लोरॅन्थावरील लेखन यांपैकी कोणत्याही बाजूला अंतिम न्याय देत नाही.

देवीचा पुत्र टाकेनेगी हा तांबडा सम्राट, म्हणजे 'चंद्रपुत्र'. त्याचा देह मारता येतो आणि तो अनेकदा मारला गेला आहे. दर वेळी तो नव्या देहात, नव्या स्वभावासह परततो. या रूपांना त्याचे 'मुखवटे' म्हणतात. त्याच्या आत्म्याचे अंश जपणाऱ्या 'एगी' नावाच्या मंडळामुळे हे शक्य होते. त्यामुळे प्रजेचा सम्राट कधीच बदलत नाही आणि तरीही प्रत्येक मुखवट्याची राजवट वेगळी असते.

दक्षिणेकडील 'होली कंट्री'चा बेलिंटार हा याहून निराळा. तो १३१३ साली समुद्रातून पोहत किनाऱ्याला लागला. त्याने तेथील प्राचीन अधिपती 'ओन्ली ओल्ड वन' याचा पराभव केला आणि एकमेकांशी न पटणाऱ्या सहा प्रदेशांना एका राज्यात बांधले. जुन्या पुस्तकांत त्याला 'फेरो' म्हटले आहे. पुढे 'देवराजा' हा शब्द रूढ झाला. त्याचा देह जीर्ण झाला की एक स्पर्धा भरे आणि तिच्या विजेत्याच्या देहात बेलिंटारचा आत्मा वास करू लागे. देवराजा होण्याची संधी अशा रीतीने प्रजेतील स्पर्धकांना मिळे, पण जिंकणाऱ्याला स्वतःचे असे काही उरत नसे. १६१६ साली तो नाहीसा झाला. नंतरच्या प्रकाशनांनुसार चांद्र साम्राज्याची वीरांगना जार-ईल हिने त्याला ठार केले. परतण्याची व्यवस्था या वेळी चालली नाही. एका व्यक्तीच्या दैवी देहावर उभी असलेली एकी तिच्यामागे टिकली नाही.

या दोघांच्या तुलनेत सार्तार हा देवत्वाला पोहोचलेला माणूस आहे. दक्षिणेकडून आलेल्या या परक्याने ड्रॅगन पास प्रदेशातील भांडणाऱ्या टोळ्या तलवार न उपसता एकत्र आणल्या, रस्ते व नगरे बांधली आणि भूमीची प्रतिनिधी असलेल्या 'फेदर्ड हॉर्स क्वीन'शी विवाह केला. या विवाहाशिवाय त्या प्रदेशाचे राजेपण पुरे होत नाही. शेवटी तो देवत्व पावला आणि त्याची ज्योत राजधानी बोल्डहोममध्ये तेवत राहिली. १६०२ साली चांद्र सैन्याने नगर जिंकून ती विझवली. ती पुन्हा पेटवू शकेल असा वारस मिळणे हा त्यानंतरच्या बंडखोरांचा ध्यास बनला.

खेळांतील वापर

या कल्पना खेळात उतरवण्याचे प्रयत्न वेगवेगळे झाले. 'किंग ऑफ ड्रॅगन पास' (१९९९) या संगणकीय खेळात खेळाडू एकट्या वीराऐवजी संपूर्ण भावकीचा कारभार पाहतो. गुरे किती बळी द्यायची, कोणत्या देवाचे देऊळ बांधायचे, शेजाऱ्यांशी वैर मिटवायचे की वाढवायचे, असे त्याचे निर्णय असतात. हीरोक्वेस्ट करताना आपल्या देवाची कथा आठवून योग्य टप्प्यावर योग्य कृती निवडावी लागते. कथा न वाचता खेळणारा तेथे अडतो. 'हीरो वॉर्स' (२००० ) व त्याची पुढील आवृत्ती 'हीरोक्वेस्ट' (२००३) यांनी आकडेमोड सैल करून कथनावर भर दिला. २०१४ मध्ये जेफ रिचर्ड, ग्रेग स्टॅफर्ड व सँडी पीटरसन यांचा 'गाइड टू ग्लोरॅन्था' हा द्विखंडी ग्रंथ आला.

'तुमचे ग्लोरॅन्था वेगळे असेल' हे वचन या खेळाच्या वर्तुळात प्रचलित आहे. अधिकृत पुस्तकातील कोणतीही गोष्ट प्रत्येक गटाने आपापल्या मेजावर बदलावी, असा त्याचा अर्थ. पन्नास वर्षे साचलेल्या तपशिलाने नवा खेळाडू दबून जातो, ही तक्रार जुनी आहे व ती निराधार नाही. तपशिलाचा अभिमान बाळगणाऱ्या चाहत्यांना हे वचन सोयीने विसरता येते, हेही तितकेच खरे.

'रूनक्वेस्ट: रोलप्लेइंग इन ग्लोरॅन्था' ही आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्टॅफर्ड यांचे निधन झाले. या आवृत्तीचा आरंभबिंदू विश्वातील १६२५ हे वर्ष आहे. त्या वर्षी चांद्र साम्राज्य ड्रॅगन पासमध्ये आपले नवे मंदिर प्रतिष्ठित करीत असते. चंद्राच्या कलांचा चढउतार त्या भूमीवरूनही आता संपणार असतो. नेमक्या त्या सोहळ्यात मंदिराखालची जमीन हलते, एक खरा ड्रॅगन उठतो आणि जमलेले मान्यवर गिळून टाकतो. खेळाडूंची पात्रे या घटनेनंतरच्या दिवसांत आपापल्या भावकीचे दीक्षित म्हणून प्रवेश करतात.